आज्ञेची ओळ : कालविभागणी संगणकापासून क्लाउड सेवांपर्यंत

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अंगाने लिहिला जातो. निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडले, सूक्ष्मप्रक्रियक असे टप्पे सांगून प्रत्येक टप्प्यावर वेग किती वाढला आणि आकार किती घटला याचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब आवश्यक आहे; परंतु त्यात एक प्रश्न सुटून जातो. काय करावयाचे हे माणसाने यंत्राला सांगितले ते कोणत्या रीतीने? सांगण्याच्या या रीतीलाही स्वतंत्र इतिहास आहे आणि तो यंत्राच्या वेगाइतका सरळ रेषेत पुढे गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एका धाग्याचा मागोवा घेतला आहे. कळफलकावर एक ओळ टंकित करून यंत्रास आज्ञा देण्याची रीत, म्हणजेच ‘कमांड लाइन’, १९६० च्या दशकाच्या आरंभी उदयास आली. पुढे चित्रे, खिडक्या आणि माउस यांनी सामान्य वापरातून तिला जवळजवळ हद्दपार केले. तरीही २००६ नंतर क्लाउड सेवांचा, म्हणजे दूरच्या माहिती केंद्रातील संगणनशक्ती व साठवण भाड्याने घेऊन वापराप्रमाणे पैसे मोजण्याच्या व्यवस्थेचा, प्रसार झाला तेव्हा तिच्या व्यवस्थापनात हीच जुनी रीत पुन्हा मध्यवर्ती ठरली. असे का घडले असावे?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘वेग’ या एका शब्दात दिले जाते. ते अपुरे आहे. टंकित आज्ञा ही लिखित असते. म्हणून ती जपून ठेवता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते, तपासता येते आणि पुन्हा जशीच्या तशी अमलात आणता येते. ती एकाच वेळी कृतीही असते आणि त्या कृतीचा दस्तऐवजही असतो. कमांड लाइनच्या दीर्घायुष्याचे कारण या दुहेरी स्वरूपात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाला जोडूनच महाविद्यालयीन अध्यापनासंबंधीचा एक प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे.

पंच कार्डापासून टंकयंत्रापर्यंत

१९५० च्या दशकातील मोठ्या संगणकाशी वापरकर्त्याचा प्रत्यक्ष संबंध क्वचितच येत असे. संशोधक आपली आज्ञावली पंच कार्डांवर उतरवून कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीवर देई. तेथील कर्मचारी अनेकांचे गठ्ठे एकत्र करून यंत्रात घालीत आणि छापील निकाल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हाती येई. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तो दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभे राहण्यावाचून गत्यंतर नसे. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त, हे गृहीत या व्यवस्थेच्या मुळाशी होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथे या गृहीताला आव्हान मिळाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०९ या संगणकावर ‘कम्पॅटिबल टाइम शेअरिंग सिस्टिम’ म्हणजेच सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एका संगणकाला चार टंकयंत्रे जोडलेली होती. संगणक प्रत्येकाच्या कामाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळे. मात्र त्याचा वेग इतका होता की, यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे प्रत्येकाला वाटे. यालाच कालविभागणी म्हणतात. वापरकर्ता टंकयंत्रावर ‘लॉगिन’ असा शब्द टंकित करी आणि यंत्र कागदावर उत्तर छापी. खिडकीवरचा मध्यस्थ दूर झाला आणि आज्ञेची ओळ जन्मास आली.

याच वर्षी एमआयटीच्या शताब्दी समारंभातील व्याख्यानात जॉन मॅकार्थी यांनी असे भाकीत केले की, दूरध्वनी व्यवस्था ज्याप्रमाणे सार्वजनिक सेवा आहे त्याप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून संघटित होऊ शकेल. एमआयटी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात हाती घेतलेल्या ‘मल्टिक्स’ प्रकल्पाचे उद्दिष्टही वीज व दूरध्वनीप्रमाणे अहोरात्र चालणारी संगणन सेवा उभारणे हेच होते. आज क्लाउड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेची कल्पना आणि कमांड लाइन या दोन्ही गोष्टी एकाच काळात व एकाच परिसरात आकारास आल्या, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सामायिक यंत्राबरोबर त्याच्या अडचणीही आल्या. प्रत्येक वापरकर्त्यास ठरावीक वेळ मंजूर होई आणि त्याचा हिशेब ठेवण्यासाठी सीटीएसएसमध्ये पासवर्डची योजना होती. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने अधिक वेळ मिळवण्यासाठी सर्व पासवर्डची यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये संपादन आज्ञावलीतील दोषामुळे स्वागत संदेशाची व पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. वाटून घेतलेले यंत्र, मोजून दिलेला वेळ आणि चोरीला जाणारी किल्ली हे आजच्या क्लाउड व्यवस्थापनातील तिन्ही प्रश्न त्या पहिल्या पाच वर्षांतच प्रकट झाले होते.

‘शेल’ची कल्पना आणि युनिक्स

आज्ञा टंकित करण्याची सोय झाल्यावर त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा टंकित कराव्या लागणे ही पुढची अडचण होती. सीटीएसएसवर काम करणाऱ्या लुई पुझँ या फ्रेंच अभियंत्याने त्यावर ‘रनकॉम’ नावाचा उपाय शोधला. एका फाइलमध्ये आज्ञा क्रमाने लिहून ठेवायच्या आणि ती संपूर्ण फाइलच एका आज्ञेने चालवायची, असे त्याचे स्वरूप होते. हा बदल दिसावयास लहान असला तरी त्याचा परिणाम मोठा झाला. आज्ञा हा तोवर तोंडी हुकमासारखा क्षणिक व्यवहार होता. तो आता लेखी हुकूमनाम्यासारखा टिकाऊ झाला. आज्ञा देण्याची व्यवस्थाच एखाद्या भाषेप्रमाणे घडवावी या विचाराला पुझँ यांनी ‘शेल’, म्हणजे कवच, असे नाव दिले. मल्टिक्ससाठी पहिला शेल लिहिण्याचे श्रेय ग्लेंडा श्रोडर यांच्याकडे जाते.

बेल लॅबोरेटरीजने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन यांनी डेनिस रिची व इतर सहकाऱ्यांच्या साथीने पीडीपी-७ या लहान संगणकावर ‘युनिक्स’ प्रणालीचा आरंभ केला. त्या काळची टेलिटाइप यंत्रे सेकंदाला सुमारे दहा अक्षरे छापीत. म्हणूनच युनिक्सच्या अनेक आज्ञा दोन अक्षरांत आटोपलेल्या दिसतात. यादीसाठी ‘एलएस’, नक्कल करण्यासाठी ‘सीपी’, काढून टाकण्यासाठी ‘आरएम’. टेलिटाइप इतिहासजमा झाले तरी ही संक्षिप्त नावे आजही जगभर वापरात आहेत.

१९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय झाली. एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेला थेट पुरवता येऊ लागले. प्रत्येक साधनाने एकच काम नीट करावे आणि मोठे काम अशा लहान साधनांच्या जोडणीतून साधावे, ही युनिक्सची कार्यसंस्कृती त्यातून रूढ झाली. ही जोडणी शक्य झाली कारण सर्व साधनांमधील समान माध्यम साधा मजकूर हे होते. १९७९ मध्ये स्टीफन बॉर्न यांच्या शेलने आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांच्या ‘बॅश’ने या रीतीला पूर्ण आज्ञालेखन भाषेचे रूप दिले. आज क्लाउडवरील बहुसंख्य आज्ञालेख याच परंपरेतील शेलमध्ये लिहिले जातात.

दूरच्या यंत्राशी संवाद

आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारे यंत्र हे एकाच इमारतीत असणे आवश्यक नाही, ही जाणीव १९६९ मध्येच प्रत्यक्षात आली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘अर्पानेट’वरून पहिला संदेश पाठवण्यात आला. टंकित करावयाचा शब्द होता ‘लॉगिन’. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची प्रणाली बंद पडली. सुमारे तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरील पहिला संदेश हा कुशल विचारणारा मजकूर नव्हता, तर दूरच्या यंत्राला उद्देशून दिलेली एक आज्ञा होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे ‘टेलनेट’ने दूरस्थ प्रवेश सर्वसाधारण केला, परंतु त्यात पासवर्ड उघडा प्रवास करीत असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ अर्थात एसएसएच ही सांकेतिक रूपात संवाद करणारी पद्धत तयार केली. वर्षअखेरीपर्यंत सुमारे ५० देशांतील २०,००० जण ती वापरू लागले होते. एसएसएच नसते तर अनोळखी ठिकाणच्या भाड्याच्या यंत्रावर विश्वासाने आज्ञा पाठवणे अवघड झाले असते.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी अनेकांनी घेतलेली स्वस्त जोडणी ‘शेल अकाउंट’ या नावाने ओळखली जाई. मोडेमचा आवाज थांबला की, काळ्या पडद्यावर केवळ मजकूर उमटे आणि टपाल वाचण्यापासून संकेतस्थळ पाहण्यापर्यंत सारे काही दूरच्या युनिक्स यंत्राला आज्ञा देऊनच करावे लागे. मुंबई-पुण्यातील ज्या प्राध्यापकांनी इंटरनेटचा पहिला अनुभव या मार्गाने घेतला, त्यांनी क्लाउड हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच दुसऱ्याच्या यंत्रावर आज्ञेने काम केले होते.

चित्रमय पडद्याचा काळ

झेरॉक्स स्टार (१९८१), अ‍ॅपलचा मॅकिंटॉश (१९८४) आणि मायक्रोसॉफ्टचे विंडोज ९५ (१९९५) यांनी सामान्य माणसासाठी संगणकाचे रूप पालटले. आज्ञेची नावे पाठ असण्याची गरज उरली नाही. काय काय करता येईल हे पडद्यावरच दिसू लागले. संगणक घराघरांत व कार्यालयांत पोहोचला याचे मोठे श्रेय या बदलाला दिले पाहिजे. कमांड लाइनचा इतिहास लिहिताना चित्रमय पडद्याला कमी लेखणे अनैतिहासिक ठरेल.

तथापि या सोयीची एक किंमत होती. पडद्यावर केलेल्या टिचक्यांची मालिका कोठेही लिहून राहत नाही. एक यंत्र सिद्ध करण्यासाठी चाळीस टिचक्या लागत असतील तर शंभर यंत्रांसाठी चार हजार लागतात आणि सत्तराव्या यंत्रावर एक टिचकी चुकली तर ती कोणती हे शोधण्याचा मार्ग उरत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टमध्येच ही उणीव जाणवली. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये नव्या आज्ञाभाषेचा प्रस्ताव मांडला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तो ‘पॉवरशेल’ या नावाने प्रत्यक्षात आला. खिडक्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीलाही आज्ञेच्या ओळीकडे परतावे लागले.

क्लाउड सेवांचा आरंभ

अ‍ॅमेझॉन कंपनीने १४ मार्च २००६ रोजी ‘एसथ्री’ ही साठवण सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये चाचणी स्वरूपात ‘ईसीटू’ ही संगणन सेवा उपलब्ध केली. ईसीटूचा मूळ विकास दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ख्रिस पिंकहॅम यांच्या चमूने केला. त्या वेळचे एक लहान आभासी यंत्र, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राच्या पोटात आज्ञावलीने निर्माण केलेले स्वतंत्र यंत्र, तासाला १० सेंट या दराने भाड्याने मिळे. मॅकार्थी यांनी ४५ वर्षांपूर्वी वर्तवलेली सार्वजनिक संगणन सेवा आता पुस्तकांच्या विक्रीने नावारूपास आलेल्या एका कंपनीकडून अवतरली होती.

या सेवेला आरंभी कोणताही चित्रमय पडदा नव्हता. प्रोग्रामरसाठी मागणी-संवादाची ठरावीक पद्धत, म्हणजे एपीआय, आणि जावा भाषेत लिहिलेली कमांड लाइन साधने एवढीच सामग्री होती. संकेतस्थळावरून टिचकी मारून यंत्रे हाताळण्याची कंपनीची अधिकृत सोय जानेवारी २००९ मध्ये झाली. सर्वसाधारण समजूत अशी आहे की, आधी सोपा पडदा असतो आणि तज्ज्ञांसाठी नंतर कमांड लाइन येते. क्लाउडच्या बाबतीत क्रम नेमका उलट होता.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक सेवेसाठी निराळे साधन वापरावे लागे. सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने सर्व सेवांसाठी एकच कमांड लाइन साधन सर्वसाधारण वापरासाठी खुले केले. त्यातील आज्ञा हाताने एकेक लिहिलेल्या नसून प्रत्येक सेवेच्या औपचारिक वर्णनावरून तयार होतात. त्यामुळे नवी सेवा आली की, तिचे वर्णन जोडताच तिच्या आज्ञाही उपलब्ध होतात. गूगलने ‘जीक्लाउड’ व मायक्रोसॉफ्टने ‘एझेड’ ही आपापली साधने पुरवली. त्यांच्या आज्ञांची रचना बरीच समान आहे. प्रथम साधनाचे नाव, मग सेवेचे किंवा गटाचे, मग क्रियेचे आणि शेवटी तपशील. कोणती सेवा, काय करावयाचे, कोठे आणि किती, एवढे एका ओळीत येते.

ही ओळ टंकित केल्यावर जे घडते ते युनिक्सच्या जुन्या आज्ञेहून वेगळे आहे. साधन त्या ओळीचे रूपांतर एका मागणीपत्रात करते, वापरकर्त्याच्या गुप्त किल्लीच्या आधारे त्यावर सांकेतिक स्वाक्षरी करते आणि ते इंटरनेटवरून सेवादात्याकडे पाठवते. अ‍ॅमेझॉनच्या पद्धतीत गुप्त किल्ली स्वतः प्रवास करीत नाही. केवळ तिच्यावरून काढलेली स्वाक्षरी जाते. पलीकडे स्वाक्षरी व अधिकार तपासले जातात, क्रिया होते आणि उत्तर मजकुराच्या रूपात परत येते. ते उत्तर पुढच्या आज्ञेला पुरवता येते. मॅकिलरॉय यांचा पाइप येथे खंडांच्या अंतरावर काम करताना दिसतो.

आणखी एक मूलभूत फरक नोंदवला पाहिजे. सीटीएसएसपासून एसएसएचपर्यंत आज्ञा एका विशिष्ट यंत्राला उद्देशून होती. क्लाउडवरील आज्ञा यंत्राला उद्देशून नसते. ती यंत्र निर्माण करावे, बदलावे किंवा नष्ट करावे असे सांगते. एक यंत्र आणि शंभर यंत्रे यांच्या आज्ञेत केवळ एका आकड्याचा फरक असतो आणि तो आकडा थेट देयकात उमटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्लाउडच्या व्याख्येत सेवादात्याच्या माणसाशी संपर्क न साधता हवी ती सेवा स्वतः मिळवता येणे हे पहिले लक्षण मानले आहे. खिडकीवरचा मध्यस्थ दूर करण्याची १९६१ मधील आकांक्षा येथे पूर्णत्वास गेली. मात्र मध्यस्थासोबत, ‘हे खरोखरच करावयाचे आहे ना?’ असे विचारणारा माणूसही दूर झाला.

दोन चुका आणि त्यांचे धडे

या बदलाचे गांभीर्य २०१७ मधील दोन घटनांवरून स्पष्ट होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी आज्ञावलींचे जतन करणाऱ्या गिटलॅब या सेवेतील एका अभियंत्याने रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवरील माहितीसाठ्याची निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली होती. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी माहिती शिल्लक राहिली. नेहमीच्या प्रतिलिपी घेण्याची यंत्रणा प्रत्यक्षात चालतच नव्हती, हेही तेव्हाच उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने उपलब्ध असल्याने सेवा पुन्हा उभी राहिली. तरी दरम्यानच्या काळातील काही हजार प्रकल्पांची व अभिप्रायांची नोंद कायमची गेली.

दुसरी घटना २८ फेब्रुवारी २०१७ ची. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री सेवेच्या देयक विभागात संथपणा आला होता. त्याचा शोध घेताना अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक तपशील चुकीचा टंकित झाला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघून गेले. सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळांवर परिणाम झाला. सेवेची स्थिती दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही याच सेवेवर अवलंबून असल्याने काही काळ अद्ययावत करता आला नाही.

या घटनांवरून कमांड लाइन धोकादायक आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु दोन्ही संस्थांनी तो काढला नाही. अ‍ॅमेझॉनने साधनातच सुधारणा केली : सर्व्हर हळूहळूच काढता यावेत आणि किमान क्षमतेच्या खाली जाणारी आज्ञा नाकारली जावी. गिटलॅबने आपली चूक सविस्तर प्रसिद्ध केली. कोणत्या यंत्रावर आपण आहोत हे आज्ञेच्या ओळीच्या आरंभीच ठळक दिसावे, हा उपायही तिने योजला. मुख्य म्हणजे, दोन्ही ठिकाणी चूक नेमकी कोठे झाली हे सांगता आले, कारण ती एका ओळीत लिहिलेली होती.

मराठी इतिहासलेखनाच्या अभ्यासकाला येथे एक परिचित भेद आठवेल. घटनेनंतर सांगितलेली बखर आणि घटनेच्या वेळी लिहिलेले अस्सल पत्र यांच्या प्रामाण्यात अंतर असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल कागदांचा आग्रह धरला तो यासाठीच. पडद्यावरील टिचक्यांची हकिकत नंतर आठवून सांगावी लागते. टंकित आज्ञा हे त्या क्षणीचे पत्र असते. अर्थात अस्सल कागदाच्या मर्यादाही तिला लागू आहेत. काय करण्यास सांगितले हे आज्ञा दाखवते. का सांगितले हे ती सांगत नाही. म्हणून आज्ञालेखासोबत कारणांची टिपणे ठेवणे हा जबाबदार व्यवस्थापनाचा भाग ठरतो.

लिखित आज्ञेचे हे महत्त्व ओळखूनच पुढची पायरी घडली. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ‘क्लाउडफॉर्मेशन’ने आणि २०१४ मध्ये ‘टेराफॉर्म’ या साधनाने एकेक आज्ञा देण्याऐवजी संपूर्ण व्यवस्थेचा लेखी आराखडा देण्याची सोय केली. ‘हे कर’ याऐवजी ‘व्यवस्था अशी असावी’ असे लिहायचे आणि आवश्यक कृती साधनाने ठरवायच्या. असा आराखडा सहकाऱ्यांना आधी वाचता येतो, त्यावर आक्षेप घेता येतो आणि मगच तो अमलात येतो. दूर झालेला विचारणारा माणूस या वाटेने परत आला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्र आणि अध्यापनाचा प्रश्न

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. म्हणजे या आज्ञा पाळणारी यंत्रे आता आपल्या परिसरातच आहेत. आज्ञेत मात्र या शहरांची नावे दिसत नाहीत. पुण्यासाठी ‘सेंट्रलइंडिया’, अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रासाठी ‘एपी-साउथ-१’ असे संकेत टंकित करावे लागतात. यंत्रे शेजारी आली तरी त्यांच्याशी बोलण्याची भाषा आपली झालेली नाही, ही वस्तुस्थिती मान्य करावयास हवी. आज्ञेतील इंग्रजी शब्द मोजके असतात. पण चूक झाल्यावर येणारा संदेश आणि साधनाची माहितीपुस्तिका समजणे ही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढील खरी अडचण असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्ससारख्या विषयांवरील पाठ मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून या दिशेने उपयुक्त काम केले आहे.

अध्यापनात दुसरा धोका असा की, एखाद्या कंपनीच्या आज्ञांची यादी म्हणजेच अभ्यासक्रम असे समजले जावे. कंपन्यांची साधने बदलतात, नावे बदलतात, दर बदलतात. पुझँ यांची आज्ञांची फाइल, युनिक्सचा पाइप, अधिकारांची विभागणी, किल्लीची गुप्तता आणि कृतीची नोंद ही तत्त्वे मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली आहेत. ती शिकवण्यास महागडे खाते लागत नाही. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर विनामूल्य लिनक्स बसवले तरी पुरते. हा पाया पक्का झाल्यावर विद्यार्थ्याला कोणत्याही कंपनीचे साधन काही दिवसांत आत्मसात होऊ शकते. पाया नसताना थेट क्लाउडच्या खात्यावर बसवल्यास चालू राहिलेल्या यंत्राचे देयक किंवा सार्वजनिक ठिकाणी चुकून ठेवलेली गुप्त किल्ली यांतून धडा मिळतो, पण तो महाग पडतो.

अगदी अलीकडे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. मजकूर वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना कमांड लाइन हे सोयीचे माध्यम ठरले असून ती स्वतः आज्ञा लिहू आणि चालवू लागली आहेत. आज्ञा लिहिण्याचे श्रम त्यामुळे कमी होतील; ती वाचून योग्य की अयोग्य ठरवण्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही, उलट वाढते. न वाचता दिलेल्या स्वाक्षरीचे परिणाम कोणत्याही कार्यालयात जे होतात तेच येथेही होतील.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्लाउड सेवा ही १९६० च्या दशकातील सामायिक संगणनाच्या कल्पनेची मोठ्या प्रमाणावरील पूर्तता आहे आणि कमांड लाइन तिच्यासोबत जन्मापासून आहे. दुसरी, चित्रमय पडद्याने संगणक सर्वांपर्यंत नेला, परंतु पुन्हा पुन्हा करावयाच्या व तपासल्या जावयाच्या कामासाठी लिखित आज्ञेची जागा त्याला घेता आली नाही. तिसरी, आज्ञेची शक्ती वाढली तसतशी ती वाचणाऱ्याची आणि थांबवणाऱ्याची गरजही वाढली.

१९६१ मध्ये एमआयटीतील संशोधकाला आपली चूक कळण्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागू नये, यासाठी ही रीत निर्माण झाली. आज पुण्यातील विद्यार्थी एका ओळीने क्षणार्धात यंत्र उभे करू शकतो आणि दुसऱ्या ओळीने ते नष्ट करू शकतो. या दोन ओळींच्या मध्ये क्षणभर थांबून पहिली ओळ पुन्हा वाचण्याची सवय त्याला लावणे, हे अध्यापकाचे काम आहे. ते कोणत्याही सेवादात्याच्या माहितीपुस्तिकेवर सोपवता येण्यासारखे नाही.